नुसता वास सांग, दादा

सुजाता गेल्याचं मला इंटरकॉमवर कळलं. कुंभिवलीजवळच्या ज्या रसायनांच्या कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर आहे, तिथे मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. आतल्या माणसाशी बोलायचं असेल तर गेटवरून पॅनल रूमला फोन लावतात. वॉचमनने तो लावला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही घरी निघा. आईंचा फोन आला होता." कशासाठी ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हेल्मेट काढून ठेवलं, सहकाऱ्याच्या हाती शिफ्ट दिली आणि स्कूटर काढली. खालापूरला येईपर्यंत हायवेच्या कडेने चालवताना मी रडलो नाही. उलट मनात एक समाधान होतं, हे आज लिहिताना लाज वाटते. शेवटच्या दिवसांत आपण तिला एक चांगली बातमी दिली, तिच्या कामाचं चीज झालं असं तिला कळलं, एवढं तरी आपल्या हातून झालं... असं मी स्वतःला सांगत होतो. ते समाधान मला काही आठवडे पुरलं. मग तिच्याबरोबर काम करणाऱ्या रोहिणीचा फोन आला.

सुजाता माझी धाकटी बहीण. आम्ही मूळचे कडावचे. थोडी भातशेती, दोन म्हशी, आणि वडील लवकर गेल्यामुळे सगळ्यावर आईचा हात. आमच्या घरात संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागते, वंदना होते आणि पंचशील म्हटलं जातं. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. आई ते म्हणते तेव्हा तिचा आवाज जरा चढतो. आमच्या आजोबांच्या पिढीत ज्यांची घरं दारूने बसली ती माणसं तिने पाहिलेली आहेत. मीही ते शील पाळतो. कंपनीच्या पार्ट्यांत माझ्या हातात लिंबू सरबत असतं आणि लोक हसतात, तेही आता सवयीचं झालंय. अशा घरातली मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, नाशिककडच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत लागली आणि तिथून थेट न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गेली. तिथल्या एका थंड खोऱ्यात द्राक्षं पिकतात, आणि त्यांची पांढरी वाईन ओकच्या लाकडी पिंपांत वर्षभर मुरवत ठेवतात.

"दारू गाळायला एवढ्या लांब चाललीस व्हय गं?" आईने विचारलं होतं.

"आई, दारू गाळतात. वाईन मुरवतात."

"मुरवायचंच हाय तर लोणचं मुरव की. हितं बसून मुरव."

सुजाता हसत सुटली होती. आई हसली नव्हती. पण निघायच्या दिवशी तिने कैरीच्या लोणच्याची बरणी बांधून दिली आणि वरून बजावलं, "झाकण सारखं उघडायचं नाय. ओला चमचा घालायचा नाय." सुजाता म्हणाली, तिथे मला वेगळं काहीच शिकावं लागणार नाही.

नातेवाइकांना काय सांगायचं हा प्रश्न माझ्याकडे आला. मी सांगितलं, फळांच्या कारखान्यात आहे. सुजाताला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "द्राक्ष फळच आहे की रे दादा, तू काही खोटं बोलला नाहीस." पण लोकांना दुसरीच गोष्ट खुपत होती. ती एप्रिलमधल्या जयंतीला कधीच येत नसे. पृथ्वीच्या त्या अर्ध्या भागात मार्च-एप्रिल म्हणजे द्राक्षांची तोडणी. त्या दिवसांत तिला झोपायलाही सवड नसायची. हे कुणाला सांगणार? मिरवणुकीत कुणी ना कुणी हटकायचंच, "काय मिलिंदराव, बहीण मोठी झाली वाटतं, जयंतीची आठवण राहत नाय." मी म्हणायचो, कामाचे दिवस आहेत. त्या रात्री ती मात्र न चुकता फोन करायची आणि मागचा ढोलताशा ऐकायला म्हणून मला फोन हवेत उंच धरायला लावायची.

ती यायची ती दिवाळीनंतर, भातकापणी उरकत आलेली असायची तेव्हा. अशाच एका खेपेला तिने आईला पिंपाचं सगळं समजावून सांगितलं होतं. कडावच्या घरात आई तांदूळ पाखडत होती आणि ही समोर फतकल मारून बसली होती. ते पिंप आतून विस्तवावर शेकलेलं असतं, म्हणाली. आईने सूप थांबवलं. "भाकरीवानी?" "अगदी भाकरीसारखं. जास्त शेकलं तर वाईन करपट लागते." रस त्या पिंपातच आंबतो, कान लावला तर आत तडतड ऐकू येते, तेल तापल्यासारखी. मग मेलेलं यीस्ट तळाशी बसतं, त्याचा गाळ होतो. लोक तो गाळ दांड्याने पुन्हापुन्हा ढवळतात, त्याने वाईनला साय आल्यासारखा जाडपणा येतो. "आणि मला ढवळायचंच नाहीये," ती म्हणाली. "गढूळ रस तसाच पिंपात भरायचा आणि गाळाला हात लावायचा नाही. पडू द्यायचं. आमचा मोठा साहेब ऐकत नाही, म्हणतो नासेल."

"नासंल," आई म्हणाली.

"तूसुद्धा!"

"गाळ तो गाळ. ताकातला असो नाय तर कशातला."

मी विचारलं, की न ढवळून काय मिळणार आहे? ती म्हणाली, "एक गोष्ट मिळेल. मिळाली तर मिळेल. ती आली की मी म्हणेन जमलं." काय ते तिने सांगितलं नाही. त्यांच्या कामाचा तो रिवाज होता. तो मला तेव्हा गमतीचा वाटला. चव घ्यायला सगळे एका टेबलाभोवती बसले की ग्लास नाकाशी जाऊन खाली येईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. एकाने जरी म्हटलं की लिंबाचा वास येतो, की बाकी सगळ्यांना लिंबूच यायला लागतं. म्हणून शेवटच्या माणसाचं नाक वर येईपर्यंत थांबायचं. "मी नाव घेतलं तर तुझं नाक माझं होतं," ती म्हणाली होती. हे वाक्य मी तेव्हा मनावर घेतलं असतं तर...

साहेब अखेर एका हंगामात तयार झाला. थोडी पिंपं तिच्या मर्जीने करायची परवानगी मिळाली. तोडणी झाली, रस पिंपांत गेला, आणि पुढच्या महिन्यांत सुजाताचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, पोटातला कर्करोग निघाला, तोही पसरलेला. तिथे एकटीने राहणं शक्य नव्हतं. ती पिंपं तशीच भरलेली ठेवून ती खालापूरला माझ्या घरी आली. आईही कडावहून येऊन राहिली. प्रयोगशाळेत तिच्याबरोबर ही रोहिणी होती, मूळची तासगावकडची, द्राक्षांच्या घरातली. तिला सुजाताने फोनवर बजावलं होतं, "ढवळू देऊ नकोस कुणाला. पिंप खाली गेलं की वरून भर, बाकी हात लावू नकोस." वाईन लाकडातून उडत जाते आणि पिंप रिकामं होत जातं, म्हणून ते सारखं भरावं लागतं. घरात आम्ही तिच्या औषधांच्या वेळा सांभाळत होतो आणि ती तिकडच्या पिंपांची भरणी सांभाळत होती.

औषधांनी आधी तिची चव गेली. आईने केलेली पेज, आमटी, सगळं तिला ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं. मग वासही गेला. ज्या दिवशी तिच्या लक्षात आलं, त्या दिवशी ती स्वयंपाकघरात एकेक डबा उघडून नाकाशी धरत होती. हिंग, लवंग, कॉफी. शेवटी तिने रॉकेलची जुनी बाटली हुंगली, झाकण लावलं आणि म्हणाली, "काहीच नाही रे." आई डबे लावायच्या निमित्ताने पाठ करून उभी राहिली.

वाईन बाटल्यांत भरली गेली तेव्हा सुजाता अंथरुणाला लागली होती. नव्या भरलेल्या बाटल्या काही आठवडे स्वस्थ ठेवायच्या असतात, त्याआधी तिकडे कुणी चव घेणार नव्हतं. पण तेवढे आठवडे सुजाताकडे नाहीत हे रोहिणीला कळत होतं. तिच्या ओळखीचं एक कुटुंब सुट्टीवर येत होतं. त्यांच्याकडे तिने एक बाटली दिली. ते लोक लोणावळ्याला जाताना टोलनाक्याच्या अलीकडे थांबले आणि लहान मुलाच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली ती बाटली माझ्या हातात दिली. मी ती स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि चोरीचा माल नेत असल्यासारखा घरी आलो. फ्रीजमध्ये ठेवायला लागलो तर आई म्हणाली, "दुधाच्या बाजूला नको." मी ती खाली, भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुजाताने मला हाक मारली. तिला उशीला टेकून बसवलं. ती म्हणाली, "दादा, प्यायची नाही. शील मोडायला लावत नाही तुला. नुसता वास सांग, दादा. माझं नाक तू हो."

आई परसात कपडे वाळत घालायला निघून गेली. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बाटली उघडली. बूच नव्हतं, फिरकीचं साधं झाकण होतं. पाहुण्यांच्या सरबताचा काचेचा ग्लास घेतला, त्यात थोडी ओतली. फिकट पिवळी, तुपाच्या निवळीसारखी. ग्लास घेऊन तिच्या खोलीत गेलो. तिने तो दोन्ही हातांत धरला, खिडकीच्या उजेडात पाहिला, गोल फिरवला आणि माझ्याकडे दिला. "सावकाश. आधी लांबून."

मी हुंगलं. काडेपेटीची काडी ओढल्या ओढल्या येतो तसा, जळक्या गंधकाचा वास. बारीक, पण स्पष्ट. माझं आयुष्य अशा कारखान्यात गेलंय जिथे हा वास आला की आम्ही माणसं बाहेर काढतो. माझ्या नाकाला त्या वासाचा एकच अर्थ माहीत आहे, काहीतरी बिघडलंय. नासली, मला वाटलं. साहेब म्हणाला तसं झालं. किंवा प्रवासात, टोलनाक्याच्या उन्हात माझ्याच डिकीत खराब झाली. आणि समोर सुजाता, तिचे ते मोठे झालेले डोळे...

"काय येतंय?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे? भाषणाला उभा राहिल्यासारखं बोलू नकोस. काय काय येतंय?"

मी पुन्हा ग्लास नाकाशी नेला, नुसता नेला, श्वास घेतला नाही. "पेरू," मी म्हणालो. "पिकलेला पेरू. आणि... फुलं. मध."

"बस?"

"बस."

"नीट बघ रे. घाई करू नकोस. आणखी काहीच नाही?"

तेवढ्यात आई परसातून स्वयंपाकघरात आली असावी. बाटली ओट्यावर उघडीच होती. आतून तिचा आवाज आला, "काडी कुणी ओढली रं? लायटर असताना?"

मी चटकन म्हणालो, "मी, आई! बाहेर तसबिरीपुढे मेणबत्ती लावली."

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. थोड्या वेळाने म्हणाली, "पेरू... बरं. पेरूही काही वाईट नाही." तिने मला झाकण लावून ठेवायला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, थकली. त्यानंतर तिने वाईनचा विषय काढला नाही. रोहिणीचा फोन आला की म्हणायची, नंतर बोलते.

ती गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घरात माणसं येणार, भंतेजी येणार, म्हणून आदल्या दिवशी मी ती बाटली मोरीत ओतली आणि भरपूर पाणी सोडलं. कार्यक्रमात एकाने तिच्याविषयी बोलताना फळप्रक्रिया उद्योगात तिने मोठं नाव काढलं असं सांगितलं. मी मान हलवली.

मग रोहिणीचा फोन. मी नुकताच गेटवरून मोबाइल परत घेतला होता, रस्त्याच्या कडेला ट्रकांच्या आवाजात उभा होतो. ती घाईघाईने बोलत होती. त्या दिवशी तिकडे सुजाताच्या पिंपांची चव घ्यायला सगळे बसले होते. रिवाजाप्रमाणे कुणी बोललं नाही. सगळ्यांत शेवटी मोठ्या साहेबाने ग्लास खाली ठेवला. मग एकेकाला विचारलं आणि सगळ्यांनी एकच शब्द सांगितला.

"काडेपेटी, दादा! सगळ्यांना. तुम्हालाही आली असेल ना? तिला तेच तर हवं होतं. गाळाला हात न लावता ठेवलं तरच येतो तो वास, आणि तोही नशिबाने. जरा कमी पडला तर कळत नाही, जरा जास्त झाला तर कुजक्या अंड्यासारखा. साहेब इतकी वर्षं त्याच्याच भीतीने नाही म्हणत होते. ते आज म्हणाले, मी चुकलो." ती रडत होती. "तुम्ही तिला सांगितलंत ना तेव्हा? म्हणून तर बाटली आधी पाठवली मी."

मी म्हणालो, "हो. सांगितलं."

"मग ती समाधानाने गेली."

"हो," मी म्हणालो.

रोहिणी, तू हे वाचशील. वाच. मी तिला सांगितलं नाही. मी तिला पेरू सांगितला. नासल्याचं दुःख तिला होऊ नये म्हणून मी जे लपवलं, तेच ऐकायला ती बसून होती. आणि तिला ते विचारता येत नव्हतं, कारण विचारलं तर माझं नाक तिचं झालं असतं. मरायला टेकलेल्या माणसाने आपल्या कामाचा रिवाज मोडला नाही, आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोललो. मी कितीदा तरी स्वतःला सांगतो की हेतू चांगला होता. हेतूचं काय करू? ती गेली तेव्हा तिच्या मते तिची वाईन साधी झाली होती. पेरूच्या वासाची, कुठेही मिळते तशी.

काही दिवस हे मी कुणालाही सांगितलं नाही. मग आईला सांगितलं. ती दुपारची खाटेवर बसली होती, सुजाताच्याच खाटेवर. तिने सगळं ऐकून घेतलं. वाईन चांगली झाली होती याचं तिला काय वाटलं ते मला कळलं नाही. तिने एवढंच विचारलं, "काडीचा वास यायला पायजे व्हता तिला?"

"हो."

"मग मी म्हणाले की. काडी कुणी ओढली म्हणून. तिला ऐकू गेलं असंल."

"मी मेणबत्ती म्हणालो ना, आई."

"लावली व्हतीस?"

"नाही."

आई उठली. "मग तिला दिसलं असंल. हितून तसबीर दिसते." तिने मला दंडाला धरून खाटेवर बसवलं. "नीज. तिच्यासारखा नीज, उशीला टेकून. बघ."

मी टेकून बसलो. दार सताड उघडं होतं आणि बाहेरच्या खोलीतली बुद्धाची तसबीर, तिच्यापुढची मेणबत्तीची रिकामी बैठक, दोन्ही दिसत होतं. माझा जीव एकदम हलका झाला. तिने पाहिलं असेल. मेणबत्ती नाही, मग काडीचा वास कसला, हे माझ्या हुशार बहिणीला एका क्षणात कळलं असेल. तिने दाराकडे पाहिलं होतं, ते मला स्पष्ट आठवत होतं. पण त्या दिवसांत दार सताड उघडं नसायचंच. तिला वारा सोसायचा नाही, म्हणून आम्ही ते लोटून ठेवायचो. कधी अर्धं, कधी पुरतं, जसा वारा असेल तसं.

आई दाराशी जाऊन उभी राहिली. तिने ते थोडं लोटलं.

"एवढं व्हतं का?"

तसबीर दिसत होती, बैठक निम्मी दिसत होती.

"माहीत नाही, आई."

तिने आणखी लोटलं. "का एवढं?"

"आठवत नाही."

"नीट बघ रं, मिलिंदा. घाई करू नको," ती म्हणाली आणि दाराची कडी हातात धरून, बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत, मी हो म्हणायची वाट बघत उभी राहिली.